न पाहता

३ तारीख, सोमवार

डॉक्टरांनी आज आडपडदा ठेवला नाही. जाऊबाईंच्या उजव्या तळपायात, अंगठ्याखालच्या गादीला, बाटलीच्या बुचाएवढी जखम आहे. "आठ दिवस देतो," ते म्हणाले. "पुढच्या मंगळवारी आतून लाल दिसली तर पाय वाचला. काळी पडत गेली तर घोट्याच्या वरून काढावा लागेल." जाऊबाई टेबलावर पालथ्या पडल्या होत्या. तशाच उशीत तोंड खुपसून म्हणाल्या, "काढा. निम्म्या चपलेत भागेल." डॉक्टर हसले. मला ते हसणंही आवडलं नाही.

चपलेतला खिळा वर आला होता आणि तीन आठवडे पायात रुतत होता. बाईंना पत्ता नाही. साखरेने पायाची जाणीवच गेलेली. मोज्याला डाग पडले तेव्हा म्हणाल्या, काहीतरी सांडलं असेल.

रोज पट्टी बदलायला येणाऱ्या नर्सबाई उद्यापासून रजेवर. लेकीचं पहिलं बाळंतपण, त्यांना कोण अडवणार? दवाखाना दुसरी नर्स पाठवायला तयार होता. पण जाऊबाई अडून बसल्या. "दुसरी नको. ही करेल. आमची कॉन्व्हेंट." लग्न होऊन आले त्या दिवसापासून मला त्या याच नावाने हाक मारतात. मला घाणीची शिसारी आहे हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? छत्तीस वर्षांचा वचपा एका पायाने काढायचा बेत दिसतो.

आमच्या दोघींचे नवरे सख्खे भाऊ. दोघेही गेले, आणि या घरात उरलो आम्ही दोन जावा, एकमेकींच्या गळ्यातलं लोढणं.

नर्सबाईंनी दाखवलं. जुनी पट्टी काढायची, सलाईनने धुवायचं, गॉजची ओली पट्टी चिमट्याने खड्ड्यात भरायची. पट्टीचं टोक थोडं बाहेर ठेवायचं. त्याला त्या 'शेपूट' म्हणतात. दुसऱ्या दिवशी ते धरून आतली पट्टी ओढून काढायची. "एक काढायची, मग एक घालायची. काढल्याशिवाय घालायची नाही. बघितलंत ना?" मी हो म्हटलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

यातच फादरांचा निरोप. चर्चच्या महिला मंडळापुढे दोन बुधवार बोलायचं आहे. विषय, 'संत थॉमसच्या जीवनातून श्रद्धेचे धडे.' शाळेत शिकवलेलं सगळं आठवतंय अजून. आनंदाने हो म्हटलं. या घरात नाकाला रुमाल लावून बसण्यापेक्षा थॉमस बरा.

४ तारीख, मंगळवार

केलं. चार दिवस तशाच राहिलेल्या फुलदाणीतल्या पाण्याचा वास, त्यात काहीतरी गोडसर. तो गोडसरपणाच सहन होत नाही. जेवताना माझ्या बोटांना येत होता. हातमोजे घातले होते, तरी येत होता. ताट तसंच सारलं. जाऊबाई मात्र भुरके मारत जेवल्या, वर माझ्या ताटातलंही संपवलं.

पण मी हरले नाही. पट्टी न बघता केली.

हे कसब कॉन्व्हेंटच्या सिस्टरांचं देणं आहे. वसतिगृहात आम्ही मुली अंगात लांब सदरा ठेवून अंघोळ करायचो. साबण सदऱ्याच्या आतून फिरवायचा, कपडे बदलायचे तेही आतल्या आत, आणि नजर कायम समोरच्या फरशीवर. शिवणाच्या सिस्टर म्हणायच्या, "देवाने हातांनाही अक्कल दिली आहे, दर वेळी डोळ्यांना कशाला त्रास द्यायचा?" दहा वर्षांची असताना मी अंधारात बटण लावू शकत होते. त्या न्हाणीघरातला ओल्या दगडाचा आणि कार्बोलिक साबणाचा वास अजून नाकात आहे. किती स्वच्छ होतं सगळं. कोणी कोणाला किळस येईल असं काही दाखवायचंच नाही.

आज तेच केलं. तोंड भिंतीकडे, हात पायाकडे. जाऊबाई मान वळवून माझ्याकडे बघत होत्या. "भिंतीला काय झालंय?" म्हणाल्या. मी न बघता पट्टीची गाठ मारली.

५ तारीख, बुधवार

मंडळात पहिलं भाषण. एकवीस बायका, त्यातल्या सात झोपलेल्या. मी सांगितलं, क्रुसावर मेलेले प्रभू पुन्हा उठले हे इतर शिष्यांनी सांगितलं, तेव्हा थॉमस म्हणाला, त्यांच्या जखमांत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही. मग प्रभू आले, थॉमसने बोट घातलं आणि खजील झाला. म्हणून जे न पाहता विश्वास ठेवतात तेच धन्य. हे वाक्य म्हणताना मला माझा कालचा पराक्रम आठवला आणि, देव क्षमा करो, थोडं बरं वाटलं.

आमच्या मंडळात टपालबाई आहेत. तीस वर्षं टपाल कचेरीत पत्त्यांची छाननी करण्यात गेली, त्यामुळे त्यांना शब्द न् शब्द लागतो. त्यांनी हात वर केला. "थॉमसने बोट घातलं असं कुठे लिहिलंय?"

"लिहिलंच आहे की."

"प्रभू म्हणतात, घाल. थॉमस म्हणतो, माझा प्रभू, माझा देव. मधे घातलं की नाही, काही नाही लिहिलेलं. मी आत्ताच बघितलं."

सगळ्या जाग्या झाल्या. मी पुस्तक चाळलं. खरंच नाही. पन्नास वर्षं मी ते बोट आत गेलेलं पाहत होते, मनातल्या मनात, आणि दर वेळी अंगावर काटा येत होता. ते शास्त्रात नाहीच.

"मग आठ दिवस तो कुठे होता?" टपालबाई सोडायला तयार नाहीत. "प्रभू पहिल्या खेपेला आले तेव्हा हा नव्हता. इतरांनी सांगितलं, याने मानलं नाही. मग आठ दिवसांनी सगळे आत बसलेत, आणि हा त्यांच्यात. गेला का नाही उठून?"

"पुढच्या बुधवारी सांगते," म्हणून मी चहाकडे वळले. चहाला सगळ्या माझ्याभोवती. "जखम कशी दिसते गं? हाड दिसतं का?" बशीतली बिस्किटं चावत विचारतात. माणसांना दुसऱ्याच्या कुजण्याची किती गोडी असते! मला त्यांचीही किळस आली.

घरी येऊन पट्टी केली. शेपूट नीट हाताला लागलं.

६ तारीख, गुरुवार

आज शेपूट सापडलं नाही. चाचपून पाहिलं. आतली पट्टी वरच्या पट्टीबरोबर निघून आली असणार. वरची पट्टी चिकटलेली होती, ओढून काढावी लागली. नवीन गॉज घातली. कालच्यापेक्षा कमी मावली. म्हणजे खड्डा भरतोय. बरं लक्षण.

७ तारीख, शुक्रवार

वास वाढला आहे. दारातून आत आलं की आधी तो भेटायला येतो, मग जाऊबाई. मी खोलीत उदबत्तीही लावून बघितली. आता उदबत्तीचीही शिसारी बसली.

भांडण झालं. मी म्हटलं, "तुम्ही गोड खाताय चोरून."

"चोरून? या पायाने कपाटापर्यंत जाऊ शकते का मी? काहीही बोलतेस."

"मग वास कसला?"

"तो तू सांग. पाय माझा, नाक तुझं. आणि डोळेही तुझेच आहेत म्हणे."

"मी सगळं नीट करते. आज शेपूटही लागलं हाताला, जुनी काढून मगच नवीन घातली."

"नीट करतेस गं. जीव ओतून करतेस. फक्त भिंतीचं करतेस."

मी वाटी आपटून बाहेर आले. ही बाई जन्मभर इस्पितळाच्या स्वयंपाकघरात मोठमोठी पातेली घासत होती, बोलणंही तसंच, काथ्याने घासल्यासारखं. रात्री दात पेल्यात काढून ठेवते आणि सकाळी मी चहा गाळत असताना तो पेला माझ्यासमोर आणून ठेवते. नाजूकपणा म्हणून नाही. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी माझं मूल पोटातच गेलं, सातव्या महिन्यात, घरीच. मी डोळे घट्ट मिटून भिंतीकडे तोंड करून पडले होते. दोन दिवसांनी डोळे उघडले तेव्हा अंगाखाली स्वच्छ, कडक चादर होती, जमीन पुसलेली, खोलीला साबणाचा वास. मला वसतिगृहात असल्यासारखं वाटलं. आणि या? या मागच्या हौदावर बसून काहीतरी घासत होत्या. दोन्ही दिवस, सकाळ-संध्याकाळ, खसाखसा आवाज. एकदा आत येऊन डोक्यावरून हात फिरवला नाही. ते मी विसरू शकलेले नाही.

८ तारीख, शनिवार

सकाळी जाऊबाई म्हणाल्या, "पाय जड वाटतोय."

मी म्हटलं, "तुम्हाला पायात काही वाटत नाही. डॉक्टरच म्हणाले."

"पायात नाही. वर, मांडीपर्यंत. आत काहीतरी राहिलंय गं."

"काय राहणार?"

"मला काय माहीत? मला दिसत नाही म्हणून तर तुला सांगते."

म्हाताऱ्या माणसांना अंगात काय काय फिरल्यासारखं वाटतं. शेपूट आज पुन्हा सापडलं नाही, नवीन गॉज जेमतेम अर्धी मावली. हे मी त्यांना चांगली बातमी म्हणून सांगितलं. दुपारी जेवल्या नाहीत. ही बाई जेवली नाही असं मी प्रथमच पाहिलं.

पुढच्या भाषणाची टिपणं काढायला बसले. 'थॉमसचा दोष : ज्यांनी पाहिलं त्यांच्यावर त्याचा विश्वास नव्हता.' एवढं लिहिलं. पुढे सुचलं नाही.

९ तारीख, रविवार

चर्चला, रविवारच्या मिस्सेला गेले नाही. जाऊबाईंना ताप, एकशे दोन. गुडघ्यापर्यंत पाय तांबडा, ताणलेला, चकाकणारा. पट्टी सोडली तर पिवळं पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

मी पाहिलं. पाहायचं ठरवून नाही. ओघळ कुठपर्यंत गेला ते बघायला मान वळली आणि समोर तो तळपाय आला.

लिहिते, कारण निदान इथे तरी खरं लिहावं. कडा पांढऱ्या, भिजून फुगलेल्या, कुजक्या साबणासारख्या. मधे राखाडी खड्डा. आणि खड्ड्याच्या तळाशी विणलेलं काहीतरी. उभे आडवे धागे. मला आधी वाटलं, माणसाचं मांस आतून असं विणलेलं असतं का? मग कळलं. चिमट्याने धरून ओढलं. येत राहिलं, येत राहिलं, हिरवट, बुळबुळीत. एक. तिच्यामागे दुसरी. आणि वरची कालची अर्धी धरून तीन. मी मोरीत जाऊन ओकले, तोंड धुतलं, परत आले. बोटाने आत सगळीकडे फिरवून पाहिलं, आणखी काही नाही ना. आतमध्ये गरम लागलं. त्या गरमपणाची मला सगळ्यात जास्त किळस आली. अजून बोटाला आहे ती.

रविवार असूनही डॉक्टर आले. दवाखान्यात नेऊन जखम कापून मोठी केली, पू काढला, सुया टोचल्या. ट्रेमधल्या त्या तीन पट्ट्यांकडे बघून म्हणाले, "हा निष्काळजीपणा! नर्सने रजेवर जाण्याआधी आत सोडलेल्या दिसतायत. बघतोच तिच्याकडे."

मी गप्प बसले.

जाऊबाई माझ्याकडे बघत होत्या. त्याही गप्प.

१० तारीख, सोमवार

नर्सबाईंचा फोन. नात झाली. ते सांगून झाल्यावर आवाज बदलला. "डॉक्टर फार बोलले हो मला. मी शेपूट ठेवलं होतं. सोमवारी तुमच्यासमोर तर केलं. तुम्ही बघत होतात ना?"

मी म्हटलं, "हो, बघत होते... कसं काय राहिलं कोण जाणे."

कोण जाणे! जखमेला निदान स्वतःचा वास येतो, लोकांना आधीच कळतं. मला कसलाच येत नाही, मी तर रोज पावडर लावते.

११ तारीख, मंगळवार

निकालाचा दिवस. डॉक्टर भिंग लावून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "पाय राहील. अंगठा जाईल. विष त्याच्या हाडात उतरलंय."

मी विचारलं, "त्या पट्ट्या राहिल्या नसत्या तर?"

"तर कदाचित राहिला असता. कदाचित नसता. आता कोण सांगणार?"

मी म्हटलं, "मी ठेवल्या. नर्सबाईंचा दोष नाही. शेपूट सापडलं नाही तरी मी नवीन घालत गेले, तोंड फिरवून. मला बघवत नव्हतं."

खोलीत डॉक्टर, एक शिकाऊ डॉक्टरीण, जाऊबाई आणि मी. डॉक्टरांचा चेहरा मी ओळखला. आपण ज्या चेहऱ्याने घाण बघतो तोच होता. "इतक्या शिकलेल्या बाई तुम्ही," एवढंच म्हणाले. आणि फोन लावायला उठले. तो फोन नर्सबाईंना होता. डॉक्टरांनी त्यांची क्षमा मागितली. मी नंतर मागितली. त्या म्हणाल्या, "असू दे हो, होतं." मला वाटतं त्या पुन्हा माझ्याशी पहिल्यासारखं बोलणार नाहीत. बरोबरच आहे.

परतताना जाऊबाई चाकाच्या खुर्चीत. मी मागून ढकलत होते, म्हणून बोलता आलं. "अंगठा माझ्यामुळे गेला."

"अजून गेला नाही. गुरुवारी जाणार आहे."

"तुम्हाला माहीत होतं?"

"रविवारी कळलं. पट्ट्या ओढताना तुझं तोंड बघितलं ना मी. चोर असा दिसतो."

"मग डॉक्टरांना का नाही सांगितलंत?"

"तू सांगतेस का ते बघत होते." थोडं पुढे गेल्यावर, "दोन दिवस लावलेस," म्हणाल्या.

१२ तारीख, बुधवार

दुसरं भाषण. शनिवारचं टिपण फाडून टाकलं होतं, कोरी गेले. मी म्हटलं, "टपालबाईंनी विचारलं होतं, थॉमस उठून का गेला नाही. मला माहीत नाही. मला एवढंच दिसतं, की आठ दिवस तो न मानणारा माणूस मानणाऱ्यांच्या घरात जेवला, झोपला. त्यांनी त्याला बाहेर काढलं नाही आणि तोही गेला नाही. पटत नव्हतं तरी खोली सोडली नाही. आणि एक आहे. बाकीच्यांनी जखमांचं नाव काढलं नाही. याने काढलं. प्रभूंनी मढवून, झाकून दाखवल्या नाहीत, उघड्या दाखवल्या. ते बघणं काही सुंदर नसणार. आपण भिंतीवर लावतो त्या चित्रात असतं तसलं तर नाहीच."

मग मी पट्ट्यांचं सांगितलं. सगळं. चहाला माझ्याभोवती कोणी जमलं नाही. फादरांनी घसा साफ केला आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या कोणाला तरी बोलवू म्हणाले. टपालबाई तेवढ्या जवळ आल्या. "घातलंत तर बोट," म्हणाल्या.

"घातलं. काही धन्य वगैरे वाटलं नाही."

"तसं लिहिलेलंही नाही," म्हणाल्या आणि मला एक बिस्कीट दिलं.

२२ तारीख, शनिवार

अंगठा गेला. त्याच गुरुवारी, १३ तारखेला. काल जाऊबाईंना घरी आणलं. दवाखान्याने यापुढे रोज दुसरी नर्स पाठवायचं ठरवलं होतं, मीच सुचवलं होतं. जाऊबाईंनी काल तिला दारातूनच परत पाठवलं. आज सकाळी मी गरम पाणी, सलाईन, चिमटा मांडला आणि आरशासमोर दोन मिनिटं उभी राहून चेहरा तयार केला. शांत, हसतमुख. सिस्टरांचा असायचा तसा. खाली बसले, पाय मांडीवर घेतला, पट्टी सोडली, बघितलं आणि हसत राहिले.

"ए कॉन्व्हेंट," जाऊबाई म्हणाल्या, "ते तोंड आधी काढ."

"कसलं तोंड?"

"मिठाईच्या डब्यावरच्या बाईसारखं केलंयस ते. मी तुला का धरून ठेवलंय, वाटतं तुला?"

"मला छळायला."

"तेही. पण ती नर्स रोज 'छान, छान' म्हणायची. जखम हाडाला टेकली होती तेव्हाही छान. डॉक्टर विनोद करतो. मला हा पाय दिसत नाही, लागत नाही. जगलाय की मेलाय, मला कसं कळणार? तुझ्या तोंडावर सगळं उमटतं. छत्तीस वर्षं मी वाढलेला पहिला घास तू तोंडात घातलास की मला कळायचं, मीठ किती झालंय. म्हणून म्हटलं, हीच पाहिजे. आणि नेमकी या वेळी भिंतीकडे बघत बसलीस!"

हसू आपोआप गळून पडलं.

जिथे अंगठा होता तिथे काळ्या टाक्यांची शिवण. एका टोकाला फटीतून पिवळसर पाणी. कडेची कातडी सोललेली, ओली. वास आहेच. शिवण ओबडधोबड, आमच्या सिस्टरांनी उसवायला लावली असती. नाक आक्रसलं, ओठ वाकडे झाले, मी आवरलं नाही. जाऊबाई कोपरांवर उठून, मान जमेल तेवढी वळवून माझ्याकडे बघत होत्या. पायाकडे नाही, माझ्याकडे.

"एवढं?"

"एवढं."

"परवा दवाखान्यात बघितलंस त्यापेक्षा?"

मी चष्मा वर सारला आणि आणखी जवळून पाहिलं. टाक्यांच्या खाली, आत, दोन ठिकाणी लाल होतं. कच्च्या मांसाचं लाल. मला तेही बघवेना. लाल आहे हे सांगायला मी तोंड उघडलं, पण त्यांनी माझं ऐकून घेतलं नाही. त्या नुसत्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, एखादी बाई भाजी घेताना निरखते तशा.

"हं. कमी आहे," म्हणाल्या आणि डोकं उशीवर टाकलं.

मी धुवायला घेतलं. पट्टी अर्धी व्हायच्या आत त्या घोरायला लागल्या होत्या.